हाकेचा की आरोळीचा

मिरजेच्या माणसानं वाद्य विकत घ्यायला परगावी जाणं म्हणजे कोल्हापूरकरानं चपला आणायला पुण्याला जाण्यासारखं आहे. निघताना आमच्या काकांनी हे मला दोनदा ऐकवलं. "अगं, अख्खा मुलूख सतारीला आपल्याकडं येतोय, आणि तू निघालीस कुठं, तर घाटाखाली?" मी म्हटलं, "काका, तुमच्या सतारीत फुंकर मारून बघा की वाजते का."  आमच्या गावात तारेची वाद्यं होतात आणि माझं काम पितळेशी आहे. मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, तेही पुढं उभी राहून. बँड माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी काढला. आता मी चालवते. बाई ट्रम्पेट वाजवते हे बघायला लोक जमतात आणि ऐकायला थांबतात. आपल्याच तोंडानं आपलं कौतुक करू नये म्हणतात, पण खरं आहे ते कुणी दुसरं सांगेपर्यंत किती वाट बघायची?

तरी या प्रवासाचं कारण बँड नव्हता, अण्णा होते. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतंय. पण कुणी कितीही हाक मारली तरी ओ नाही. आई हाक मारते, मी मारते, नातवंडं कानाशी जाऊन ओरडतात आणि अण्णा खिडकीबाहेर बघत बसतात. एकाच गोष्टीनं ते हलायचे, त्यांच्या जुन्या ट्रम्पेटनं. मी सोप्यात बसून ते वाजवायला लागले की त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हळूहळू हलायची, ट्रम्पेटचे पिस्टन दाबल्यासारखी.

मग एका वरातीत ते ट्रम्पेट नवरदेवाच्या घोड्याच्या पायाखाली गेलं. ठोकून सरळ केलं, चीर गेली तिथं डाग दिला, पण फुटका आवाज तो फुटकाच. बाजारातून नवं कोरं आणलं. ते वाजवलं, तर अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अण्णांचा आवाज जिथं मिळेल तिथून परत आणायचा, असं मी ठरवलं. अण्णांचा आवाज म्हणजे काय, हे मिरजेत कुणालाही विचारा. वरात स्टेशनवरून निघाली की बाजारातले लोक दुकानातूनच म्हणायचे, "आलं वऱ्हाड." असा तो आवाज होता, खणखणीत आणि रुंद.

पनवेलचा एक बँडवाला एका लग्नात भेटला होता. त्यानं सांगितलं की शिळफाट्याला एक माणूस हातानं ट्रम्पेट घडवतो. तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगते, शिळफाटे दोन आहेत. एक कल्याणकडं आहे आणि एक खोपोलीत. मी आधी कुठल्या शिळफाट्याला उतरले आणि तिथल्या रिक्षावाल्यांनी माझ्यावर किती करमणूक करून घेतली, ते इथं लिहीत नाही.

शिळफाटा, खोपोली

घाट उतरला की आमच्यासारख्या देशावरच्या माणसाला पहिल्यांदा हवा कळते. आमची हवा अंगावरून जाते, इथली अंगावर बसते. माघ संपत आला होता. भात कापलेल्या खाचरांत वाल उभा होता, डोंगराच्या पायथ्याला पळस पेटलेला. कुठंतरी पुढच्या भातरोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, त्याचा धूर सपाटीवर पसरला होता. वर बघावं तर खंडाळ्याचा कडा एवढा जवळ की मान मागं टाकावी लागते. आमच्याकडं क्षितिज लांब असतं. इथं ते घराच्या मागच्या दारापर्यंत येऊन थांबलंय.

दुकान हमरस्त्यालाच होतं, टायरवाल्याच्या शेजारी. घाटाला लागणारे ट्रक समोरून कण्हत जात होते. आत तो ट्रम्पेट घडवणारा माणूस, सगळे त्यांना तांबटमामा म्हणतात, एका पितळी नळीत वितळलेली राळ ओतत होते. राळ थिजली की नळी वाकवायची, म्हणजे ती वळणावर चेपत नाही. मग परत तापवून राळ काढून टाकायची. माणूस सत्तरीकडं झुकलेला, मिशा ट्रम्पेटसारख्याच चकचकीत.

"काय पायजेल?" ते एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले.

"ट्रम्पेट पाहिजे."

"ते कळलं. हाकेचा पायजेल का आरोळीचा?"

मी पंचवीस-तीस वर्षं वाजवतेय, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मिरजेत सतार घ्यायला गेलं की कारागीर विचारतो, कुणाकडं शिकता? त्यावरून तो वाद्य काढतो. हे गृहस्थ घराणं-बिराणं काही विचारत नव्हते.

"म्हणजे काय हो मामा?"

"हाक एकाला मारतात, आरोळी समद्यांना," मामा म्हणाले आणि भिंतीवरची दोन ट्रम्पेटं काढून फळीवर ठेवली. "आमी दोनच जातीचे बाजे करतो. हा आरोळीचा."

त्याचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरलेलं होतं, नळी रुंद, पत्रा जाड. दुसऱ्याची नळी निमुळती आणि तोंड लहान. अंगानंही ते हलकं. पिस्टन दोन्हीला मेरठचे, बाकी सगळं मामांच्या हातचं. हेही त्यांनी ओरडूनच सांगितलं. खोपोलीच्या एका पाइपच्या कारखान्यात त्यांची उमर गेली होती. पाइप वाकवायला तिथं शिकले आणि कान तिथंच ठेवून आले, असं तेच म्हणाले. आपल्या हातचं वाद्य ऐकायचं कसं, तर वाजवणाऱ्याच्या पुढं उभं राहून ट्रम्पेटच्या तोंडावर तळवा धरायचा.

"आरोळीचा," मी म्हटलं. विचार करायचं कारणच नव्हतं. अण्णांचा आवाज म्हणजे आरोळीच.

मी खिशातून माझं माउथपीस काढलं, लावलं आणि वाजवलं. टायरच्या दुकानातला माणूस पाना हातात घेऊन बाहेर आला. मामांनी तळवा धरला होता. त्यांच्या मिशा वर गेल्या. "आरं वा! खांदे बघूनच वळखलं मी. आरोळीवाली बाय हाय ही!"

तेवढ्यात दुकानामागच्या स्वयंपाकघरातून मामांनाही ऐकू जाईल असा आवाज आला, "हाकेचा द्या तिला."

"तुला काय कळतंय गं?"

"ती काय खांद्यानं वाजवते? मी हितून आयकतेय ना! तुमी नुस्ता हात लावताय." पदराला हात पुसत मामांची बायको, मालतीमावशी, दारात आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाय, मनावर नको घेव. चांगलं वाजवतेस. पन रागावल्यासारकं वाजवतेस."

मला ते आवडलं नाही आणि मी तसं सांगितलं. मग नुसतं मावशीचं तोंड बंद करावं म्हणून हाकेचंही वाजवून दाखवलं. बारीक आवाज आला. रस्त्यावरून ट्रक गेला तसा तो त्यातच बुडाला. मी मामांना म्हटलं, "बघा. हे बांधून द्या, आरोळीचं."

"नाय," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"मांडवात वाजवल्याबिगर मी बाजा देत नाय. दुकानात समदेच वाजतात." आणि मग ठरवूनच टाकलं. मावशीची थोरली बहीण, गोदाताई, कशेळ्याच्या पुढच्या एका गावात राहते. तिच्या दिराच्या घरी लगीन आहे, उद्याच हळद दळायची आहे. मामा-मावशी जाणारच होते. मी दोन्ही बाजे घेऊन त्यांच्याबरोबर जायचं. आज मुक्काम त्यांच्याकडंच.

अनोळखी घरी राहायचं कसं, असं मी म्हणायच्या आत मावशी म्हणाली, "पोपटी लावलीय." त्यापुढं कुणी काय बोलणार?

पोपटी तुम्ही खाल्ली नसेल तर हा प्रवास तुमच्यासाठीही आहे. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी आणि बटाटे, वरून परत पाला. मडकं उलटं करून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. दिवस मावळताना घरामागच्या खळ्यात मडकं फोडल्यासारखं उघडलं आणि जो वास आला, त्यानं मी सकाळपासूनचे दोन्ही शिळफाटे विसरले. आमच्याकडं हुरडा असतो, पण हुरड्याला एवढा पाल्याचा वास नसतो. मी शेंगा सोलायला बसले आणि मामांनी विचारलेल्या कशालाच उत्तर दिलं नाही. त्यांना तसंही ऐकू आलं नसतं.

कशेळ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी कर्जतहून जीपनं कशेळ्याकडं निघालो. दुतर्फा फार्महाऊसच्या पाट्या. तिथंही लग्नं होतात, पण डीजेवर, असं मामा तुच्छतेनं म्हणाले. पुढं रस्ता उघडा झाला आणि पेठचा किल्ला दिसला. बाकीचे डोंगर कसे रांगेत बसलेले असतात. हा एकटाच उभा, ट्रम्पेट तोंड खाली करून ठेवावं तसा.

कशेळ्याला जीप भरायला वेळ होता. बाजारात डोंगराकडच्या वाड्यांवरून आलेल्या बायका मोहाची फुलं आणि कसलेकसले कंद घेऊन बसल्या होत्या. त्यांचं आपसातलं बोलणं मला अर्धंही कळलं नाही. शेजारी सुकट विकणारी एक बाई मात्र माझ्या पिशवीकडं टक लावून बघत होती.

"ह्यात काय हाय गं ताय?"

"ट्रम्पेट."

"तुज्या मालकाचं?"

"माझं."

"तू वाजवतंस?" आणि ती हसली. हसली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

पिशवीत वर हाकेचं ट्रम्पेट होतं, ते काढलं. माउथपीस लावलं आणि वरून तळहाताचा एक सणसणीत दणका दिला. ही आमच्या जुन्या ट्रम्पेटची सवय. त्याची खोबण झिजलेली होती, दणका दिल्याशिवाय माउथपीस बसायचंच नाही. अण्णा द्यायचे, मी देते, हाताला विचारावं लागत नाही. मग मी बाजारात दोन ओळी वाजवल्या. सुकटवालीनं तोंडावर पदर घेतला, पण कौतुकानं. तिनं मूठभर सुकट कागदात बांधून दिली आणि मी विजयी मुद्रेनं जीपमध्ये बसले.

गावात पोचल्यावर कळलं की माउथपीस निघत नाही.

मामांच्या हातची खोबण नवी होती, नेमकी होती. माझ्या दणक्यानं ते असं रुतलं की गरम पाणी झालं, खोबरेल तेल झालं, नवरीच्या मामानं दातसुद्धा लावून बघितले. "पिरगळू नका रं! पाइप तुटंल माजा!" तांबटमामा लग्नघरात नाचत होते. त्यांची लाकडी हातोडी राहिली शिळफाट्याला आणि दुसरं माउथपीस आमच्याकडं नव्हतं. म्हणजे मी डोक्यात नक्की केलेलं आरोळीचं ट्रम्पेट मुकं झालं आणि हातात राहिलं ते हाकेचं.

 मालतीमावशीनं फक्त माझ्याकडं बघून भाकरीच्या पिठात पाणी घातलं.

मांडव

मांडव जांभळाच्या फांद्यांचा होता, पानं अजून हिरवी होती. मधोमध जातं, त्याला आंब्याची पानं बांधलेली, आणि दोन बायका समोरासमोर बसून हळद दळत होत्या. बाजूला गोदाताई. मावशीहून उंच, कपाळावर मोठं कुंकू, आवाज दुपारी झोपमोड झालेल्या माणसासारखा. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात विधींच्या वेळची गाणी, धवले, म्हणणारी. आमच्याकडं लग्नात भटजी पुढं असतो आणि बायका मागं बसून गाणी म्हणतात. इथं हळद दळण्यापासून धवलारीण सांगेल तसं सगळं चालतं, आणि तिच्या पुढं कुणी ब्र काढत नाही. मला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

गोदाताईनं ओळ धरली:

"ये रं देवा डोंगरीच्या, वाट उतरून ये..."

आमच्याकडची रीत अशी की बायकांनी गाणं धरलं की बँडनं त्यावर चढायचं. ते गाण्याला मान दिल्यासारखंच असतं. मी ट्रम्पेट उचललं आणि दुसऱ्याच शब्दावर जोरात शिरले.

जातं थांबलं. दळणाऱ्या दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.  एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाय, देव अर्ध्या वाटंत ऱ्हायला की!"

मग मला समजावण्यात आलं. धवल्यात एकेकाला नाव घेऊन लग्नाला बोलावतात. आधी देवांना, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, मग जित्यांना. हाक मध्येच तोडली तर जो निघालाय तो वाटेतच उभा राहतो. म्हणून आता डोंगरीच्या देवाला पहिल्यापासून परत बोलवायला लागणार. मी एवढ्या लग्नांत वाजवलंय, पण देवाला अर्ध्या घाटात अडकवून ठेवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. 

गोदाताई रागावली नाही. "वाजव गं, वाजव," ती म्हणाली. "पन माज्यावर चढू नको. माज्या मागून ये. ह्या पोरी येतात तशी."

तिनं परत ओळ म्हटली. बायकांनी ती जशीच्या तशी मागून म्हटली, आणि त्यांच्यात मी शिरले. शिरले म्हणजे आधी ओठ सैल करावे लागले. श्वास अर्धा करावा लागला. रस्त्यावर वाजवताना मी समोर बघते; इथं गोदाताईच्या ओठांकडं बघत होते. देव आला. गावचा देव आला. मग घरातली गेलेली माणसं, कुणी सासरा, कुणी लहानपणीच गेलेली नणंद. प्रत्येकाचं नाव एकदा गोदाताई घ्यायची आणि एकदा आम्ही. त्या निमुळत्या नळीतून निघालेला आवाज बायकांच्या आवाजात मिसळत होता आणि तरी वेगळा ऐकू येत होता. असा माझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लाजायचं कशाला, मला भरून आलं. पण ओठ थरथरला की सूर जातो, म्हणून रडणं पुढं ढकललं.

धवला संपल्यावर गोदाताई म्हणाली, "आले समदे," आणि जातं परत सुरू झालं.

दुपारी पंगतीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि माझ्या सुकटीची चटणी. आमची ज्वारीची भाकरी चावायला लावते. तांदळाची ही मऊ, कापडासारखी घडी होणारी. दोन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही.

"कोनासाठी घेतेस बाजा?" तिनं विचारलं.

मी अण्णांचं सगळं सांगितलं. आरोळीचंच पाहिजे, कारण त्यांचा आवाज तसा होता, हेही सांगितलं.

"तुज्या बापाचा आवाज समद्या गावानं आयकला," गोदाताई म्हणाली. "पन त्यानं कवा आयकला?"

मला कळलं नाही.

"मी एवढी वर्सं धवला म्हनते. माजा आवाज कसा हाय, मला इचारशील तर नाय सांगता येनार. मला मागच्या पोरींचाच येतो आयकू. त्याच्याच जोरावर पुढची वळ म्हनते मी." तिनं माझ्या ताटात बिरडं वाढलं. "बाजा तोंडाला लावल्यावर त्याला आपला आवाज पुढून थोडाच आयकू येनार? त्यानं कोनाचा आयकला?"

 अण्णांनी माझा ऐकला. वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाचा नाही. आजारपणात मी सोप्यात वाजवायचे आणि त्यांची बोटं हलायची, ती स्वतःच्या आठवणीनं हलतात असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ट्रम्पेट त्यांचं होतं, पण वाजवत मी होते. आणि बाजारातलं नवं आणल्यावर मी काय केलं? अण्णांना ओळख पटावी म्हणून अण्णांसारखं वाजवलं, अंगातला सगळा जोर लावून. मावशी म्हणाली तसं, रागावल्यासारखं.

"ल्हान व्हतीस तवा बापाला कशी बोलवायचीस?" गोदाताईनं विचारलं.

तेव्हा मला माडी आठवली. शेजारी कटकट करायचे म्हणून मी वर माडीत, ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून सराव करायची. अण्णा खाली वाद्यं पुसत असायचे. धडा पाठ झाला की मी तीन सूर वाजवायची, दोन खालचे आणि एक वरचा. ते सूर म्हणजे 'अण्णा, या' एवढंच. कुठंही असले तरी ते वर यायचे.

"मग?" गोदाताई म्हणाली. "येवढ्यासाठी आरोळी कशाला पायजे गं बाय?"

परत शिळफाट्याला

मामांनी लाकडी हातोडीच्या दोन टिचक्या दिल्या आणि माउथपीस टुणकन फळीवर पडलं. मग त्यांनी आरोळीचं ट्रम्पेट पुढं केलं. रुसले होते ते. मांडवात त्यांच्या आवडत्या बाजाला तोंडच लागलं नव्हतं.

"हाकेचं द्या मामा."

त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी परत सांगितलं, मग बोटानं दाखवलं. शेवटी तेच ट्रम्पेट तोंडाला लावून वाजवलं, मांडवातल्यासारखं, ओठ सैल ठेवून. मामांनी सवयीनं तळवा धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मी बोल्लोच होतो. हाकेवाली बाय हाय ही."

आतून मावशीचं हसणं ऐकू आलं. मी तिच्या पाया पडायला आत गेले, तर तिनं वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "बापाला पोपटी करून घाल. पाला घातलाय आत."

तुम्ही कधी तिकडं वाद्य घ्यायला गेलात, तर तुमचं माउथपीस बरोबर न्या आणि त्याला दणका देऊ नका. आणि मामांनी प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊ नका. मी चांगली वाजवते यावर माझा आधीही विश्वास होता, आताही आहे. फक्त कशी वाजवते, ते मला त्या मांडवात कळलं.

मिरज

घरी पोचले तेव्हा दुपार होती. काका सोप्यात बसून होते. "आली खोपोलीची सतार," म्हणाले. त्यांच्याशी नंतर बोलायचं ठरवलं. अण्णा खिडकीशी होते. आईनं त्यांना सांगितलं, "अहो, रेखा आली." त्यांनी मान वळवली नाही.

मी तशीच माडीत गेले. वरची खोली आता अडगळीची झाली आहे. जुने ड्रम, फाटक्या टोप्या. खिडकी उघडली. माउथपीस हलक्या हातानं, फिरवत लावलं. टॉवेल काही कोंबला नाही. दोन खालचे सूर आणि एक वरचा.

खाली काही हललं नाही. आईच्या भांड्यांचा आवाज थांबला एवढंच.

गोदाताई नाव घेते आणि मग मागच्या पोरी तेच नाव घेतात. मी परत वाजवलं. जोर वाढवला नाही. अण्णा, या.

"ओ," खालून आवाज आला.

जड होता, घासलेला होता, पण अण्णांचाच होता. आईच्या हातातलं भांडं पडलं. मी ट्रम्पेट हातात घेऊन तशीच उभी राहिले, आणि ते परत म्हणाले, "ओ." पूर्वी ते ओ देऊन माडीवर यायचे. आता त्यांना जिना चढता येत नाही. म्हणून मीच खाली गेले.